परिचारिका : समाजाच्या नजरेतील सव्वाशे वर्षे

रुग्णालयात रात्री-अपरात्री आपल्या माणसाच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या स्त्रीला हाक कशी मारावी, हा प्रश्न मराठी माणसाने अद्याप पुरता सोडविलेला नाही. ‘परिचारिका’ हा शब्द सरकारी जाहिरातींत, वर्तमानपत्रांत आणि सत्कार-समारंभांत वावरतो. पण खाटेवरून कोणी ‘अहो परिचारिका’ अशी हाक मारल्याचे ऐकिवात नाही. तेथे ती ‘सिस्टर’ असते. तिच्या पाठीमागे ‘नर्स’, आणि जरा अदबीने बोलावयाचे तर ‘नर्सबाई’. त्याच वॉर्डात फरशी पुसणाऱ्या आणि रुग्णाला भांडे देणाऱ्या बाईला मात्र सगळेजण सहज ‘मावशी’ म्हणतात. मावशीचे नाते मराठीतून जुळले. बहिणीचे नाते इंग्रजीतच राहिले. ‘सिस्टर’ची ‘ताई’ काही झाली नाही. शब्दांच्या या वाटणीत या व्यवसायाचा बराचसा सामाजिक इतिहास दडलेला आहे.

‘सिस्टर’ हा शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आला. युरोपात रुग्णसेवा हे कित्येक शतके मठवासी स्त्रियांचे काम होते आणि त्या परंपरेतून इंग्रजी रुग्णालयांत वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणण्याची प्रथा पडली. दुसरे असे की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रुग्णालयांत ‘ऑल सेंट्स’ या अँग्लिकन संघाच्या भगिनी प्रत्यक्ष काम करीत होत्या. तेव्हा मराठी रुग्णाने पाहिलेली आधुनिक परिचारिका ही गोरी, ख्रिस्ती आणि अविवाहित अशी होती. तिच्याविषयी आदर होता. पण तो दुरून. आपल्या घरातल्या मुलीने तिच्यासारखे व्हावे, असे त्या आदरातून कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

वास्तविक परिचर्या ही कल्पना आपल्याला परकी नव्हे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, रुग्णाची शुश्रूषा करणारा परिचारक आणि स्वतः रुग्ण. या परिचारकाच्या अंगी कोणते गुण असावेत तेही तेथे दिले आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममत्व आणि शुचिता असे ते चार गुण होत. यांत ज्ञानाला पहिले स्थान आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ममत्व तिसरे येते. पुढच्या काळात हा क्रम उलटला. शुश्रूषेला ज्ञान लागते याचा विसर पडला आणि ती केवळ मायेची किंवा केवळ नाइलाजाची बाब ठरली.

गावगाड्यात बाळंतपण सुईणीच्या हाती असे. ही सुईण बहुधा मांग, न्हावी अशा जातींतली. तिच्यावाचून अडत असे, तिच्या हाताला यश असल्याची वाखाणणी होत असे, पाचवीला तिला खण-नारळ आणि धान्य मिळे; पण तिचा वावर बाळंतिणीच्या खोलीपुरताच राही. रक्त, मळ, घाम यांना स्पर्श करणारे काम विटाळाचे आणि ते करणारे माणूसही विटाळाचे, हा हिशेब सर्वांच्या अंगवळणी पडलेला होता. पुढे रुग्णालये निघाली तेव्हा इमारत नवी आली, औषधे नवी आली, परंतु हा हिशेब तोच राहिला.

रुग्णालयाविषयीची भीतीही यात मिसळलेली होती. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. घरोघर झडत्या झाल्या, रोग्यांना सक्तीने प्लेगच्या इस्पितळात हलविण्यात आले आणि तेथे गेलेले माणूस परत येत नाही असा समज पक्का झाला. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची होणारी दुर्दशा उघड केली. त्याचे पडसाद थेट विलायतेत उमटले. ज्या जागी आपल्या स्त्रीला रुग्ण म्हणूनही पाठविण्याची धास्ती, त्या जागी तिला कामाला कोण पाठविणार? त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यासाठी स्वतः रोगी उचलून आणले. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवरून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रात परिचर्येचा इतिहास लिहिताना हे नाव अग्रभागी यावयास हवे. ते क्वचितच येते, कारण त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते.

परिचारिकेविषयीचे पूर्वग्रह फक्त आपलेच, असे मात्र समजू नये. इंग्लंडातही १८५० पूर्वीची नर्स म्हणजे दारूच्या वासाची, अडाणी, रोग्याच्या उशाखालचे पैसे चाचपणारी म्हातारी, अशी लोकप्रिय समजूत होती. चार्ल्स डिकन्सने १८४३–४४ मध्ये लिहिलेल्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीतील सेअरी गँप हे पात्र त्या समजुतीचा पुतळाच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे काम पत्करण्याचा हट्ट धरला तेव्हा त्यांच्या सुखवस्तू घराण्याने जो विरोध केला, तो ऐन सदाशिव पेठेत शोभला असता. क्रिमियाच्या युद्धानंतर, १८६० साली, त्यांनी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शिक्षणसंस्था काढली आणि परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून दिली. पण त्या प्रतिष्ठेसोबत एक नवी प्रतिमाही आली : हातात दिवा घेतलेली देवता. क्रमिक पुस्तकांतून पिढ्यानपिढ्यांना भेटलेल्या या दिवेवालीने खरी नाइटिंगेल पार झाकून टाकली. खरी नाइटिंगेल आकडेशास्त्रज्ञ होती. सैनिक लढाईत मरतात त्याहून जास्त घाणीने मरतात, हे तिने तक्ते मांडून सरकारच्या गळी उतरविले. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याविषयीच्या शाही आयोगामागेही तिचेच श्रम होते, तेही या देशात एकदाही पाऊल न ठेवता. तथापि तक्त्याचे चित्र भिंतीवर लावता येत नाही, दिव्याचे येते.

मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. तेथे १८९१ मध्ये शिकावयास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत येते. येते ते एवढेच, एका ओळीत. याच १८८६ साली अमेरिकेत आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या मायदेशी परतल्या तेव्हा त्यांचे कौतुक झाले आणि पुढल्याच वर्षी त्या गेल्या तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांनी कादंबरी लिहिली, नाटक झाले, चित्रपट झाला. हे सर्व यथायोग्यच होते. परंतु मराठी वाचनालयाच्या कपाटात आनंदीबाईंच्या शेजारी काशीबाई गणपत यांच्यावरचे पुस्तक शोधू लागल्यास निराशा पदरी येण्याचीच शक्यता अधिक. स्त्रीने डॉक्टर होणे हा पराक्रम मानला गेला. तिने नर्स होणे हा प्रसंग मानला गेला : वैधव्याचा, दारिद्र्याचा किंवा अनाथपणाचा.

या समजुतीला सर्वांत धीराने कोणी हात घातला असेल, तर तो रमाबाई रानडे यांनी. १९०९ मध्ये पुण्यात रानड्यांच्या वाड्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी. शिवण, संगीत, अध्यापन हे वर्ग समाजाने फारशी कुरकुर न करता पचविले. खरी कसोटी लागली ती ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी स्त्रिया पाठविण्याचे ठरले तेव्हा. त्या काळच्या पांढरपेशा घराला यात एक नव्हे, चार गोष्टी खटकत होत्या. परजातीच्या माणसाच्या अंगाला हात लावावा लागणार, परपुरुषाच्या अंगाला लावावा लागणार, रात्रपाळीला घराबाहेर राहावे लागणार आणि या सर्वांचे पैसे घ्यावे लागणार. शेवटची गोष्ट बहुधा सर्वांत जास्त खटकत असावी. फुकट केलेली सेवा हे पुण्य. तिचा पगार घेतला की तो धंदा, आणि बाईच्या बाबतीत ‘धंदा’ या शब्दाला चिकटलेला वास सर्वांनाच ठाऊक होता.

या विरोधातील विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळच्या एकत्र कुटुंबात शुश्रूषेचे काम मुख्यतः कोण करीत असे? घरातली विधवा. जावांची बाळंतपणे, सासऱ्याचा अर्धांगवायू, पुतण्यांच्या देवी-गोवर, सगळ्यांची उसाभर करावयाची ती आलवण नेसलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या आत्याबाईंनी किंवा मोठ्या वहिनींनी. रात्री जागवायच्या त्यांनीच. त्याला कोणी रात्रपाळी म्हटले नाही, त्यात कोणाला विटाळ दिसला नाही. घरात जो धर्म होता तो घराबाहेर, शिक्षण घेऊन आणि वेतनावर केला की अधर्म होत असे. रमाबाईंनी नेमके हेच हेरले. जे काम या स्त्रिया जन्मभर बिनमोलाने करीतच होत्या, त्याला त्यांनी शास्त्राची जोड आणि स्वतःच्या हातातला पैसा दिला. पालकांच्या समाधानासाठी वसतिगृहाची व्यवस्था केली आणि घरोघर जाऊन समजूत घातली. सोवळ्या-ओवळ्याशी त्यांनी उघड भांडण मांडले नाही, म्हणून त्यांना नेमस्त म्हणून नाके मुरडणारे पुढे निघाले. परंतु भांडण मांडले असते तर वर्गात एकही स्त्री आली नसती, हेही तितकेच खरे.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभाची आठवण नोंदलेली आहे. बक्षीससमारंभ चालू होता. बक्षीस घेण्यासाठी लाल लुगडे नेसलेली, डोईवरून पदर घेतलेली एक विधवा पुढे आली आणि वरच्या सज्जात बसलेल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडविली. ही मुले कॉलेजात शिकणारी, सुशिक्षित म्हणविणारी होती. समारंभाच्या अखेरीस रमाबाई बोलावयास उठल्या तेव्हा त्यांनी या मुलांची कडक शब्दांत कानउघाडणी केली; अशी दुर्दैवी स्त्री जवळजवळ प्रत्येकाच्या घरात आहे, ती कोणाची बहीण आहे, कोणाची आई आहे, याची जाणीव करून दिली. एरवी मृदू बोलण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या बाईंचा तो संताप उपस्थितांच्या लक्षात राहिला. समाजाची चीड स्त्रीच्या शिकण्यापेक्षाही तिने कोपऱ्यातून उठून चारचौघांत यावे यावर होती, हे या प्रसंगावरून दिसते. १९२४ च्या जानेवारीत त्याच ससूनमध्ये कैदी असलेल्या महात्मा गांधींवर कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली आणि ती चालू असताना वीज गेल्याने हातकंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. देशभर तारा गेल्या. त्या रुग्णालयाचे आणि तेथील शुश्रूषेचे नाव घरोघरी झाले. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात रमाबाई निवर्तल्या.

इकडे दक्षिण महाराष्ट्र, बेळगाव, धारवाड या टापूत चित्र वेगळ्या रीतीने रंगले. अमेरिकन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये आले, मिरजेस १८९४ साली त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि लवकरच त्याला जोडून परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. ‘मिरजेला नेले’ म्हणजे दुखणे गंभीर आहे, असा अर्थ या भागातील दोन-तीन पिढ्यांना पाठ होता. या मिशन रुग्णालयांत शिकणाऱ्या मुली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांतल्या, कित्येक दुष्काळात मिशनच्या आश्रयास आलेल्या. जातीने जे हात दूर ठेवले होते त्यांतल्याच कित्येकांनी, धर्म बदलल्यावर, सरदार-इनामदारांच्या जखमा बांधल्या. यात काव्यात्म न्याय पाहण्याचा मोह होतो; पण व्यवहारात झाले ते असे की, ‘नर्स म्हणजे ख्रिश्चन’ हे समीकरण पक्के झाले आणि बाकीच्या समाजाने सुटकेचा निःश्वास टाकला. गोव्याकडची, मग केरळाकडची, कोठलीही चालेल, पण आपली नको. या समीकरणाची उत्तम पडछाया हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ (१९७१) या चित्रपटात आहे. त्यातली करडी पण मायाळू मेट्रन मिसेस डिसा रंगविली ती, एरवी खाष्ट सासू म्हणून गाजलेल्या ललिता पवारांनी.

चित्रपटांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन नावे घेतली पाहिजेत. ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) मध्ये मीनाकुमारी आणि ‘खामोशी’ (१९६९) मध्ये वहिदा रेहमान यांनी परिचारिका उभ्या केल्या. दोन्ही भूमिका सहृदय आहेत, अभिनय तर अविस्मरणीय. तथापि दोन्हींत परिचारिकेचे मोठेपण तिच्या कौशल्यात नसून झुरण्यात आहे. ‘खामोशी’तील राधा तर रुग्णाला बरे करण्यासाठी प्रेमाचे सोंग करता करता स्वतःच वेडी होते. औषधाची मात्रा, नाडी, ताप, जखमेची निगा या गोष्टी पडद्याला नकोशा असतात. उरलेल्या असंख्य चित्रपटांत ती डॉक्टरच्या मागे तबक घेऊन उभी असते किंवा विनोदी नटाने तिची छेड काढावी यासाठी असते. त्यांच्याविषयी न लिहिलेले बरे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कथा व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये पडद्यावर आणली; त्यांच्या चिनी पत्नी ग्वो चिंगलान या परिचर्येच्या शिक्षिका होत्या, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात राहिले. दूरदेशीची नर्स सून म्हणून सोलापूरला गौरवाची वाटली. शेजारच्या पेठेतली वाटली असती का, हा प्रश्न येथे सोडून देणेच इष्ट.

या सर्व काळात व्यवसाय मात्र आपल्या पायांवर उभा राहत होता. परिचारिकांची अखिल भारतीय संघटना १९०८ मध्ये स्थापन झाली. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी-शिक्षण १९४६ मध्ये सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. भोर समितीने १९४६ च्या अहवालात ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असे प्रमाण दिले आणि त्यांच्या राहणीची व कामाची दुरवस्था स्पष्ट शब्दांत मांडली. मुली का येत नाहीत याचे उत्तर त्या दुरवस्थेत होते. समाज मात्र ते मुलींच्या चारित्र्यात शोधीत राहिला.

चारित्र्याच्या या चर्चेची किंमत किती भयंकर असू शकते, हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग यांच्या प्रकरणाने दाखविले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची ही तरुणी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार करून कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. तिचा विवाह ठरलेला होता. तिची अब्रू जाऊ नये म्हणून लैंगिक अत्याचाराची तक्रार पुढे नेण्यात आली नाही. आरोपीला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्यासाठीच सात वर्षांची शिक्षा झाली. जिची अब्रू राखावयाची ती कधीच शुद्धीवर येणार नव्हती. असे असता ही अब्रू कोणाची राखली जात होती?

त्यानंतर जे घडले त्याला तोड नाही. जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांनी तिला सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांचा जन्मही त्या घटनेनंतरचा, त्यांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरविले, कुशी बदलल्या. इतक्या वर्षांत शय्याव्रण होऊ न देणे ही गोष्ट केवळ मायेने साधत नाही. तेथे चरकाने पहिले सांगितलेले ज्ञान लागते आणि ते प्रत्येक पाळीत, न चुकता लागते. तिला तेथून हलविण्याचा महापालिकेचा प्रयत्न त्यांनी विरोध करून हाणून पाडला. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला मरण लाभावे म्हणून केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. काही परिस्थितीत उपचार थांबविता येतील हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. परंतु अरुणाच्या बाबतीत तिची काळजी घेणाऱ्या रुग्णालयातील मंडळींची इच्छा प्रमाण मानून अर्ज फेटाळला. जगण्या-मरण्याच्या प्रश्नावर डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिकांचा शब्द मोजला जाण्याचा हा विरळा प्रसंग होय. १८ मे २०१५ रोजी अरुणाचे निधन झाले.

पूर्वग्रह केवळ बोलण्यात राहत नाहीत, ते नियमांत उतरतात. लष्कराच्या परिचर्या सेवेत लग्न केले म्हणून सेवामुक्त करण्याचा नियम १९९५ पर्यंत होता. त्या नियमाखाली १९८८ साली नोकरी गमावलेल्या एका अधिकारी परिचारिकेला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये साठ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. छत्तीस वर्षे लागली. मठवासिनीची अविवाहित प्रतिमा गणवेशाला किती घट्ट चिकटली होती, याचा हा हिशेब.

२०२० मध्ये, नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिकांचे म्हणून जाहीर केले असतानाच, करोनाची साथ आली. ३ मे रोजी सैन्यदलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. त्याच दिवसांत कामावरून परतणाऱ्या परिचारिकांना घरमालक खोल्या रिकाम्या करावयास सांगत होते, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी सरकारला २२ एप्रिल रोजी वटहुकूम काढावा लागला होता. फुले टाकणारा आणि दार लावणारा समाज एकच होता. त्या दिवसांत मागणी होती ती संरक्षक पोशाखांची, पाळ्यांची आणि वेळेवर पगाराची.

ज्या कामा रुग्णालयात काशीबाई गणपत शिकल्या, तेथेच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी शिरले. प्रसूतिपूर्व कक्षात अंजली कुलथे ही परिचारिका पाळीवर होती आणि वीस गर्भवती स्त्रिया तिच्या हवाली होत्या. तिने दारे लावली, दिवे घालविले, सगळ्यांना एका छोट्या खोलीत हलविले आणि कळा सुरू झालेल्या एकीला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात पोहोचविले. पुढे कसाबला ओळखण्यासाठी आणि साक्षीसाठी बोलावणे आले तेव्हा ती गेली. जाताना तिने आपला गणवेश घातला होता.